गळती कुणाची? बुचाच्या मुकुटाचा इतिहास

सोडावॉटरच्या बाटलीचे दातेरी झाकण, म्हणजे मुलांचा ‘बिल्ला’, सर्वांच्या परिचयाचे आहे. ते बसवणारे यंत्र मात्र फारसे कुणी पाहिलेले नसते. झाकणातून वायू निसटू लागला, तर दोष कुठे शोधायचा? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

प्रथम थोडे गणित करू. बाटलीत वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलोग्रॅम भाराइतका असतो, असे धरू. तोंडाचा आतला व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर. झाकणाला आतून सतत ८ किलोंचा रेटा बसतो! साधे बूच वाळले की आकसते. म्हणून ते तारेने बांधून ठेवीत. १८७२ मध्ये इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी वायूच्या दाबालाच कामाला लावले. आपली गोटी सोड्याची बाटली ती हीच. वायू गोटीला रबरी कड्यावर दाबून धरतो. पण ही बाटली घडवणे आणि आतून धुणे किचकट होते.

अमेरिकेतील बाल्टिमोरचे विल्यम पेंटर यांनी २ फेब्रुवारी १८९२ रोजी पत्र्याच्या मुकुटाकृती बुचाचे पेटंट मिळवले. आत बुचाची पातळ चकती आणि कडेला चुण्या. या चुण्या शोभेच्या नाहीत. आजचे झाकण घ्या. बसवण्यापूर्वी त्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो, बसवल्यावर तो सुमारे २८.७ होतो. परिघ १०० मिलिमीटरवरून ९० वर येतो. उरलेला १० मिलिमीटर पत्रा जाणार कुठे? तो चुण्यांमध्ये सामावतो. पूर्वी चुण्या २४ असत, आता २१ असतात.

बसवण्याची कृती सोपी आहे. यंत्राचे डोके खाली येते, झाकण दाबून धरते आणि त्याचा निमुळता घसा चुण्यांना बाटलीच्या ओठाखाली वळवतो. १८९८ मध्ये पेंटर यांनी बाटली भरून बूच बसवणारे, पायाने चालवायचे यंत्र आणले. पण त्या काळी बाटल्या तोंडाने फुंकून घडवीत. एकीचा ओठ जाड, दुसरीचा बारीक. तोच घसा, तेवढाच दाब. तरी एक बाटली गळे आणि दुसरीचा ओठ तडके. मग यंत्राला बोल लावून काय उपयोग? मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या सुमारास आले आणि बाटल्यांची तोंडे एकसारखी होऊ लागली. मापे स्थिर झाल्यावरच दोषाचा माग काढणे शक्य झाले.

हा माग काढण्याची रीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शिकावी अशी आहे. समजा, फिरत्या यंत्राला १२ डोकी आहेत. सगळ्याच बाटल्या गळत असतील, तर सर्वांना समान असणारी गोष्ट पाहावी : डोक्यांची उंची किंवा झाकणांचा तो गठ्ठा. नेमकी दर बारावी बाटली गळत असेल, तर एकाच डोक्याचा घसा झिजलेला असण्याचा संभव अधिक. कसलाही क्रम नसेल, तर बाटलीचा ओठ तपासावा. चुण्या सैल असतील, तर घसा झिजला आहे किंवा डोके उंच राहिले आहे. ओठ तडकत असेल, तर डोके फार खाली आले आहे. झाकण तिरपे बसत असेल, तर बाटली डोक्याखाली मध्यावर येत नाही. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पुढे बुचाच्या चकतीची जागा प्लॅस्टिकने घेतली, पायाच्या यंत्राची जागा विजेच्या यंत्राने. पण काच, पत्रा आणि यंत्र या तिघांची मापे जुळली पाहिजेत, ही अट बदलली नाही. वर्गात न वापरलेला आणि वापरलेला असे दोन बिल्ले आणून विद्यार्थ्यांना त्यांचे परिघ दोऱ्याने मोजायला सांगावे, असे आम्ही सुचवतो. उघडताना वाकलेला बिल्ला मात्र घेऊ नये. नाहीतर बाटलीवर बसलेलेच झाकण मोजावे. हरवलेला १० मिलिमीटर पत्रा त्यांचा त्यांनाच सापडेल.