ब्रश गेला, सांधा राहिला : कसारा घाटातल्या इंजिनापासून रिमोटच्या मोटारीपर्यंत

१/ कसाऱ्याकडे निघालेली लोकल खर्डी सोडून उंबरमाळीला थांबते. पुढचे स्थानक कसारा, आणि तिथून घाट. याच मार्गावर विद्युत मोटारीची दोन युगे पाहायला मिळतात : एक ब्रशचे, दुसरे ब्रशविरहित. रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाडीच्या ब्रशलेस मोटारीला आपण तीन तारा सोल्डर करतो, तेव्हा याच इतिहासाचे एक टोक आपल्या हाती असते. आजचा धागा त्या तीन सांध्यांविषयी.

२/ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत आली. पुढचा थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडले. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर चढलेली असते. रेल्वेच्या हिशेबात हा चढ फार मोठा आहे. म्हणूनच आजही जड गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडावी लागतात.

३/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९३० मध्ये तीच १५०० व्होल्टची एकदिश वीज कल्याणहून इगतपुरीपर्यंत पोहोचली. ठाकुर्लीजवळचे चोळे वीजगृह रेल्वेने त्यासाठीच उभारले होते. घाटात मालगाड्या ओढायला १९२८ पासून आलेली २६०० अश्वशक्तीची इंजिने होती. जगभरातले रेल्वेप्रेमी या घडणीला ‘क्रोकोडाइल’ म्हणतात. आपल्याकडच्या कामगारांनी तिला ‘खेकडा’ असे नाव दिले.

४/ या खेकड्याच्या मोटारी ब्रशच्या होत्या. एकदिश वीज फिरत्या भागातल्या गुंडाळ्यांत पोहोचवायची, आणि फिरताना तिची दिशाही उलटवत राहायची, हे काम कम्युटेटर करतो. तांब्याच्या अनेक पट्ट्यांनी बनलेल्या त्या फिरत्या गोल भागावर कार्बनचे ठोकळे सतत घासत राहतात. त्या ठोकळ्यांना ‘ब्रश’ म्हणतात, कारण आरंभी तिथे खरोखरच तांब्याच्या तारांचे किंवा पत्र्याचे झुपके असत. कार्बनचा ठोकळा वापरण्याची कल्पना १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने मांडली. जुने नाव मात्र तसेच चिकटून राहिले.

५/ घासणे आले की झीज आली, ठिणग्या आल्या. ब्रश बदलायचे, काळवंडलेला कम्युटेटर लेथवर उतरवून गुळगुळीत करायचा, पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खोल करायचा : या कामांत लोको शेडमधल्या माणसांची आयुष्ये गेली. शोधांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

६/ आता सोल्डरकडे येऊ. त्या काळच्या मोटारींत गुंडाळीची टोके कम्युटेटरच्या पट्ट्यांना कथिलाच्या सोल्डरने जोडलेली असत. चढावर इंजिनाला जोर लागतो, पण वेग कमी असतो. विद्युतप्रवाह प्रचंड वाढतो आणि तारा तापतात. मर्यादा ओलांडली तर सांध्यातले सोल्डर वितळे, आणि फिरण्याच्या वेगाने थेंब बाहेर फेकले जात. ‘सोल्डर फेकणे’ हा ब्रशच्या मोटारींचा एक ओळखीचा बिघाड होता. म्हणजे हजारो अश्वशक्तीच्या यंत्राची खरी मर्यादा कित्येकदा एका चिमूटभर कथिलाने ठरत असे.

७/ ब्रशच नसलेली मोटार मात्र त्याआधीच कागदावर होती. निकोला टेस्लाला १८८८ मध्ये प्रत्यावर्ती विजेच्या मोटारीची पेटंटे मिळाली. त्याच सुमारास इटलीत गॅलिलिओ फेरारिसनेही तेच तत्त्व मांडले. स्थिर गुंडाळ्यांत क्रमाने प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरते आणि आतला भाग त्यामागे धावतो. घासायला काही उरत नाही. तीन क्रमांत सोडलेली वीज म्हणजे ‘थ्री फेज’. तीन तारांचे मूळ हेच.

८/ मग घाटात ही मोटार तेव्हाच का आली नाही? अडचण वेगाची होती. तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो, आणि वारंवारता हवी तशी बदलण्याचे सोयीचे साधन तेव्हा नव्हते. इटलीतल्या वाल्तेलिना मार्गावर १९०२ मध्ये थ्री फेज गाड्या धावल्या, पण ठरावीक वेगांतच. खरा तोडगा शतकाच्या अखेरीस अर्धवाहकांनी दिला. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या मध्यावर डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही थ्री फेज इंजिने आली. २००७ पासून मुंबईत तशा लोकल आल्या. जुन्या १५०० व्होल्टच्या जागी २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आणण्याचे मुंबईतले काम २०१६ मध्ये पूर्ण झाले.

९/ खेळण्याच्या जगातही हाच क्रम दिसतो. जपानच्या तामिया कंपनीची पहिली रिमोट मोटार १९७६ ची, अर्थात ब्रशची. विल्सन आणि ट्रिकी या अभियंत्यांनी कम्युटेटरचे काम इलेक्ट्रॉनिक भागांवर सोपवणारी एकदिश मोटार १९६२ मध्येच मांडली होती. १९८० च्या दशकात निओडिमियमचे जबर चुंबक आले, पुढे स्वस्त ट्रान्झिस्टर आले, आणि ती मोटार तळहातावर मावू लागली. रेल्वेच्या मोटारीत बहुधा चुंबक नसतो, हिच्यात तो असतो. क्षेत्र फिरवण्याची युक्ती मात्र एकच.

१०/ या गाडीत ब्रशचे काम ईएससी, म्हणजे वेगनियंत्रक, करतो. त्यातून निघालेल्या तीन तारा मोटारीला जोडायच्या. सेन्सर नसलेल्या मोटारीत कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली तर ती उलट फिरते, एवढेच. सेन्सर असलेल्या मोटारीत मात्र ए ला ए, बी ला बी, सी ला सी हा क्रम पाळावाच लागतो.

११/ आणि इथे कसारा घाट पुन्हा भेटतो. गवतात अडकलेली किंवा चढावर रेटलेली छोटी गाडी क्षणभर ६० अँपिअर सहज ओढते. सांधा कच्चा असेल आणि त्याचा रोध एक ओहमचा शंभरावा भाग जरी असला, तरी तिथे ३६ वॉट उष्णता निर्माण होते. ही एखाद्या लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद झाली. सांधा स्वतःलाच वितळवू लागतो. खेकड्याच्या पोटातला बिघाड आपल्या टेबलावर पुन्हा घडतो.

१२/ यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघराला जुना माहीत आहे. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून कल्हई करत. कल्हईवाला भांडे घासून स्वच्छ करी, भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तापवी, नवसागराची पूड टाकी, आणि मगच कथील लावून कापसाच्या बोळ्याने पसरवी. नवसागर तापला की त्यातून निघणारे आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकते. ‘रसरत्नसमुच्चय’ या मध्ययुगीन संस्कृत ग्रंथात नवसादर ‘साधारण रसां’मध्ये मोजलेला आहे. सोनार हेच काम टाकणखाराने करतो. आपल्या सोल्डरच्या तारेत ते राळ करते.

१३/ म्हणून मोटारीची तार जोडताना कल्हईवाल्याचाच क्रम पाळा. बॅटरी काढून ठेवा. तार आणि मोटारीची पट्टी दोन्ही स्वच्छ करा. दोन्हींना आधी वेगवेगळी कल्हई करा, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवा. मग एकत्र धरून तापवा. सोल्डर आयर्नवर न वितळवता धातूवर वितळू द्या. निम्मे-निम्मे नव्हे तर ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. एकटे कथील २३२ ला, एकटे शिसे ३२७ ला. जाड तार उष्णता शोषून घेते, म्हणून किमान ६० वॉटचे आयर्न आणि रुंद टोक घ्या. बारीक टोकाने रेंगाळत राहिलात तर सांधा कच्चा राहतो आणि आवरण जळते. थंड होईपर्यंत तार हलू देऊ नका. खिडकी उघडी ठेवा, शिशाचे हात धुवा.

१४/ टेस्ला, फोर्ब्स यांची नावे आणि साले आपल्याला मिळतात, कारण पेटंट कार्यालयाने ती नोंदवून ठेवली. कम्युटेटर उतरवणारा कामगार आणि दारोदार फिरणारा कल्हईवाला यांची नोंद कुणी ठेवली नाही. ब्रशच्या मोटारी सेवेतून बाहेर पडत आहेत, कल्हईची हाक गल्लीत विरळ झाली आहे. त्यांच्याबरोबर त्यांची हत्यारे, त्यांचे शब्द आणि सांधा पक्का झाला हे नुसत्या नजरेने ओळखण्याची रीतही जाईल.

१५/ तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी लोको शेडमध्ये, वाइंडिंगच्या दुकानात किंवा भात्याजवळ आयुष्य काढले असेल, तर त्यांच्यापाशी बसा. कोणत्या हत्याराला ते काय म्हणत, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तारीख आणि गावही टाका. पुढच्या इतिहासकाराला ते साधन लागणार आहे.

धागा समाप्त.