बॉइन नदी : तिचे नाव व तिच्यातील मासेमारी

आयर्लंडची बॉइन नदी लांबीने मोठी नाही. किल्डेअर परगण्यात कार्बरीजवळ एका झऱ्याच्या विहिरीपाशी ती उगम पावते आणि मीथच्या गवताळ मुलखातून ट्रिम, नॅव्हन, स्लेन ही गावे मागे टाकीत सुमारे ११२ किलोमीटरांनंतर ड्रॉहेडापलीकडे समुद्रास मिळते. इतिहासग्रंथांस तिच्या काठची १६९० सालची लढाई तेवढी ठाऊक असते. आम्हांस तिचे नाव अधिक महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने ते 'बुविंदा' असे नोंदविले आहे. 'बु' म्हणजे गाय व 'विंद' म्हणजे पांढरी, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आयरिश 'बो' आणि आपला 'गो' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. वाचकांस येथे 'गोविंद' आठवेल. पण तो मोह आवरावा, त्यातील 'विंद' निराळा.

बोआन्न नावाच्या देवतेने एका निषिद्ध विहिरीस उलटी प्रदक्षिणा घातली, तेव्हा पाणी उसळून समुद्रापर्यंत तिच्या पाठीस लागले. तीच ही नदी, अशी कथा आहे. त्या विहिरीवर हेझलची झाडे होती व त्यांची फळे खाऊन सामन मासा ज्ञानी झाला म्हणतात. नवल असे की, या नदीवरील कोळ्यांची गोल नावही हेझलच्याच काठ्यांची. काठ्या वाकवून सांगाडा विणावयाचा व त्यावर बैलाचे कातडे ताणावयाचे. तुंगभद्रेवरचा हरिगोल ज्यांनी पाहिला आहे त्यांस ती परकी वाटणार नाही. अशा नावेतून जाळे सोडून सामन धरीत. विसाव्या शतकात ती नाव व्यवहारातून गेली.

माशावरचे खरे संकट मात्र जाळ्याने आणले नाही. सामन समुद्रातून परतून गोड्या पाण्यातील खडीत खळगे करतो व तेथे अंडी घालतो. काठची शेते व कुरणे पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून १९६९ पासून १९८६ पर्यंत बॉइन व तिच्या उपनद्यांची पात्रे यंत्रांनी खोल खणण्यात आली. त्यात ही खडीच उपसली गेली. गाईच्या नावाच्या नदीत चराईच्या रानासाठी माशाचे घर मोडावे, हे आम्हांस खटकते. तथापि बुडत्या शेताच्या धन्यास आमचा हा खेद पटेलच असे नाही. पुढे काही ठिकाणी पात्रात खडी पुन्हा टाकण्यात आली, आणि २००७ पासून समुद्रात तरती जाळी लावून सामन धरणे आयर्लंडने बंद केले.