लेव्हल पहिली : बारव

मोबाइल आडवा धरा. तुम्ही आता दहा वर्षांचे आहात, अनवाणी, आणि घशाला कोरड पडलीय. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. दिवस वैशाखाचे, गावात हापसा यायच्या आधीचे. फुफाटा इतका तापलाय, की तुम्ही टाचांवरच उड्या मारत बारव गाठता.

काठावर ही गर्दी! कळश्या एकमेकींवर आदळतायत, कुणाची तरी घागर आधी भरली म्हणून भांडण पेटलंय. ‘‘लेकरा, दमानं उतर, शेवाळ हाय!’’ एक आजी ओरडते. पायरीगणिक ऊन मागे पडतं. ओल्या दगडाचा, पारव्यांच्या विष्ठेचा वास नाकात शिरतो. शेवटच्या पायरीवर एक बाप्या पोटरीपर्यंत पाय पाण्यात सोडून बसलाय, डोळे मिटून. ‘‘रातभर नुसती आग आग व्हायली व्हती,’’ तो म्हणतो. त्याच्या घोट्यावर फुटका फोड, त्यातून दोऱ्यासारखं पांढरं काहीतरी डोकावतंय. तुम्ही वाकून बघता, मग दोन पावलं बाजूला सरकून ओंजळभर पाणी पिता. गार, गोड. तहानेची पट्टी हिरवी होते. गुणही वाढतात.

काहीच होत नाही.

पाऊस येतो. दिवाळीनंतर तुम्ही आईबापामागं ऊसतोडीला जाता, कोपीत झोपता, परत येता. बारव कधीच डोक्यातून गेलेली असते. आणि पुढच्या उन्हाळ्यात नडगीला खाज सुटते, मग आग, मग फोड. हा नारू. घरचं म्हातारं माणूस त्याचं टोक काडीला गुंडाळतं, रोज थोडं थोडं. ‘‘वढू नगं, तुटंल!’’ तुटला तर पाय सुजून पू धरतो. अळी हातभर, कधी त्याहून लांब. कित्येक आठवडे ही काडी पायाला बांधलेली. पेरणी तोंडावर, आणि घरातली दोन माणसं बाजेवर.

आग सोसेना, म्हणून तुम्ही लंगडत बारवेत उतरता आणि पाय पाण्यात घालता. हाय, काय बरं वाटतं! त्याच क्षणी नारूची मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. बारीक जलपिसवा ती गिळतात, आणि त्या पिसवा कुणाच्या तरी ओंजळीत जातात. खेळातला खलनायक आता तुम्हीच.

युरोपात शाळकरी मुलांसाठी ‘ई-बग’चे खेळ निघाले. जंतू, साबण, हात धुणं हे सगळं पोरं त्यात खेळता खेळता शिकतात. व्हिडिओ गेमचं बळच ते : चुकलात की लगेच कळतं. नारू मात्र लबाड. पाणी पिणं आणि फोड येणं यांत तो वर्षभराचं अंतर ठेवतो. मग गावानं दोष पाण्याला द्यावा तरी कसा? म्हणून या खेळात वर्ष पळवणारं एक बटण हवंच.

लेव्हल दुसरी. आरोग्यसेवक सायकल भिंतीला टेकवतो, बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरतो. तुम्ही पोरं डोक्याला डोकी लावून बघता. पांढरे ठिपके टुणटुण उडतायत! ‘‘आरं, ह्ये आपुन पितो?’’ तो कापडाची दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर बांधतो. एवढंच हत्यार. मग बारवेत टेमेफॉसचं औषध पडतं, पुढं पायऱ्याच बंद होतात आणि पाणी रहाटानं वर येऊ लागतं. पोहायची जागा गेली म्हणून तुम्ही फुरंगटता, तेही खरंच. १९८४ मध्ये देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते. शेवटचा सापडला १९९६ मध्ये, राजस्थानात.

पण त्याआधी आजीची लेव्हल पार करायचीय. ती कंबरेवर हात ठेवून उभी : ‘‘आठ दिस झालं गाळून पेतीय. काय फरक पडला?’’ पेला दाखवा, पिसवा दाखवा, ती हलत नाही. तिचंही बरोबरच आहे. फरक कळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागणार, आणि वर्ष पळवायचं बटण तिच्याकडं नाही.