डॉट आयओ आणि रिकामे किनारे

गेल्या शनिवारी आम्ही मित्रमंडळी सुट्टीचं ठरवायला बसलो होतो. गोवा नको, तिथे अर्धं पुणेच भेटतं. अंदमान झालंय. "जिथे कुणीच जात नाही असं एखादं बेट शोध ना," अशी फर्माईश झाली आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. (ज्याचा लॅपटॉप उघडा, त्याच्या गळ्यात सगळं.) नकाशा सरकवत मालदीवच्या खाली उतरलो तर पन्नासेक ठिपके सापडले. चागोस. त्यातली सलोमन आणि पेरोस बान्होस ही नावं वाचून फोटो शोधले: पांढरी वाळू, वाकलेले नारळ, निळंशार पाणी आणि एकही माणूस नाही. ना विमान, ना हॉटेल. स्वतःची शिडाची बोट घेऊन जग फिरणारे हौशी लोक परवाना काढून तिथे नांगर टाकत, एवढाच काय तो राबता.

मी जाम खूष झालो. मग ही बेटं रिकामी का, हे वाचायला लागलो आणि रविवार त्यातच गेला.

पहिला धक्का म्हणजे या बेटांशी आम्हा संगणकवाल्यांचा रोजचा संबंध आहे. अर्ध्या स्टार्टअप्सच्या पत्त्यात असतं ते 'डॉट आयओ'. मी इतकी वर्षं ते इनपुट-आउटपुट समजत होतो. प्रत्यक्षात तो 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' या मुलखाला मिळालेला संकेत, १९९७ पासून वापरात. आणि तो मुलूख म्हणजेच चागोस.

बेटं मुळात रिकामी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी तिथे नारळाच्या बागा उभ्या केल्या आणि राबायला मादागास्कर, मोझांबिककडचे गुलाम आणले. १८१४ मध्ये मॉरिशसबरोबर बेटंही इंग्रजांकडे आली. गुलामगिरी संपल्यावर भारतातूनही काही मजूर गेले. या सगळ्यांची मिळून एक वस्ती झाली. स्वतःची क्रेओल बोली, चर्च, दफनभूमी, आणि पोटापाण्याला खोबरं नि तेल. चार-पाच पिढ्या तिथेच जन्मल्या आणि तिथेच गेल्या.

मग अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा झाला. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ च्या नोव्हेंबरात, ब्रिटनने ही बेटं त्यातून तोडून वेगळा मुलूख केला. मॉरिशसच्या हातावर ३० लाख पौंड ठेवले. पुढच्याच वर्षी सर्वात मोठं बेट दिएगो गार्सिया तळासाठी अमेरिकेला देण्याचा करार झाला. ५० वर्षांसाठी, आणि मोबदल्यात ब्रिटनला पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट. (पौगंडावस्थेतल्या दोन पोरांनी तिसऱ्याची सायकल आपसात वाटून घ्यावी तसं.)

अडचण एकच होती, माणसं. कायमचे रहिवासी आहेत असं मान्य केलं तर संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांच्या हक्कांबद्दल उत्तर द्यावं लागणार. म्हणून कागदोपत्री सगळे 'कंत्राटी मजूर' ठरले. आमच्या धंद्यात कंत्राट संपलं की माणूस बॅज जमा करून घरी जातो. इथे पंजोबाही ज्या बेटावर जन्मला त्यालाच घर म्हणता येईना.

१९६८ पासून औषधपाण्याला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट मिळेना. बेटांवर येणारं सामान कमी होत गेलं. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं करायला घेतलं. त्याआधी लोकांचे कुत्रे खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडले आणि गाड्यांच्या धुराने मारले. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि चहा करून आलो. लोकांना एखाददुसरी पेटी घेऊन बोटीत चढवलं. पुढे सलोमन रिकामं झालं आणि १९७३ मध्ये शेवटचं पेरोस बान्होस. दीड-दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांवर उतरवली गेली. आपण हनिमूनला जातो त्याच मॉरिशसमध्ये ती पोर्ट लुईच्या झोपडपट्टीत राहिली. त्यांच्या बोलीत 'साग्रें' असा एक शब्द आहे. घर तुटल्याचं खोलवरचं दुःख. माणसं त्यानेच गेली, असं ते लोक सांगतात.

कोर्टकचेरी लांबलचक आहे. २००० मध्ये लंडनच्या हायकोर्टात ते जिंकले, २००४ मध्ये सरकारने राणीच्या हुकुमाने परतीची वाट पुन्हा बंद केली, २००८ मध्ये वरच्या कोर्टात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. २०१० मध्ये तिथे अवाढव्य सागरी अभयारण्य जाहीर झालं, म्हणजे मासेमारीही बंद. परतून जगायचं कशावर? प्रवाळ वाचावं असं मलाही वाटतं, पण तळ शाबूत आणि कोळी बाहेर हे काही पटत नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणं बेकायदा ठरवलं (भारत मॉरिशसच्या बाजूने होता). मे २०२५ मध्ये बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्याने तसाच.

मधे २००६ मध्ये शंभरेक जणांना बेटांवर नेलं होतं. कबरींवरचं रान काढायला. थोडेच दिवस, आणि मग परत बोटीत.

डॉट आयओच्या कमाईत आपला वाटा असावा, अशी मागणी या लोकांनी केली आहे. माझी स्वतःची एक छोटी साईट डॉट आयओवर आहे आणि पुढच्या महिन्यात तिचे पैसे भरायचेत. भरायचे की दुसरीकडे हलवायची, अजून ठरलेलं नाही. सहल दिवेआगरची ठरली.