पालिकेचे काम मिळते कसे? बेळगाव-निपाणी पट्ट्यातील उद्योजकांसाठी विवेचन

सर्वांत कमी दर भरणाऱ्याला पालिकेचे काम मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कर्नाटकात बहुतेक मोठ्या निविदा दोन पाकिटांच्या असतात. पहिल्यात पात्रतेचे कागद आणि दुसऱ्यात दर. पहिले पाकीट ज्याचे टिकले नाही, त्याचा दर कुणी वाचतही नाही. त्यामुळे काम मिळणे किंवा हुकणे हे दर ठरवण्याच्या कितीतरी आधी निश्चित होते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले मराठी व्यावसायिक कष्टात आणि कसबात कुठेच कमी नाहीत. ते मागे पडतात ते या आधीच्या टप्प्यावर, आणि म्हणून तोच नीट समजून घेतला पाहिजे.

या सगळ्याचा कायदेशीर पाया म्हणजे कर्नाटकचा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा, १९९९. लोक त्याला ‘के.टी.पी.पी.’ म्हणतात. बेळगाव महापालिका १९७६ च्या महानगरपालिका कायद्याखाली चालते आणि निपाणीची नगरसभा १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली, पण खरेदीच्या बाबतीत दोघांनाही के.टी.पी.पी. लागू आहे. दोघांच्या निविदा राज्याच्या सार्वजनिक खरेदी पोर्टलवर, म्हणजे के.पी.पी.पी.वर येतात. तिथे नोंदणी आणि डिजिटल सही नसेल तर पुढचे काहीच होत नाही.

मात्र बेळगाव शहरात सरकार एकच नाही. कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाचे असल्यामुळे तिथे केंद्राचे नियम चालतात. केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२ चे धोरण सांगते, आणि केंद्राची बरीचशी खरेदी २०१६ पासून ‘जेम’ या बाजारपेठेवर होते. रेल्वेचे पोर्टल आणखी वेगळे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली, तेव्हा त्या कामांसाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली आणि तिच्या निविदाही स्वतंत्र निघू लागल्या. उद्यमबागेतला कारखानदार फक्त महापालिकेच्या नोटिशीकडे डोळे लावून बसला, तर त्याच्याच गावातली निम्मी दारे त्याला दिसत नाहीत.

निविदा निघाल्यावर तिचा शोध सुरू करणे म्हणजे उशीर झालाच. पालिका पुढे काय घेणार आहे, हे तिच्या अर्थसंकल्पात आणि निधीच्या कृती आराखड्यात आधीच लिहिलेले असते. कर्नाटकातील नागरी संस्थांना स्वतःच्या निधीतून अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१० टक्के, इतर दुर्बल घटकांसाठी ७.२५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम बाजूला काढावी लागते. शिलाई यंत्रे, तीनचाकी सायकली, शैक्षणिक साहित्य यांचे पुरवठादार या तीन आकड्यांवरून पुढच्या वर्षीच्या मागणीचा अंदाज बांधू शकतात. सुवर्णसौधातल्या हिवाळी अधिवेशनाचेही तेच. मंडप, वाहने, जेवण, ध्वनिक्षेपक यांची गरज बहुतेक वर्षी ठरल्या हंगामात निर्माण होते. ती कोणते खाते कशी भागवते, याची चौकशी दिवाळीआधीच करावी.

आता पात्रता. इथे सर्वाधिक माणसे घसरतात. मोठ्या बांधकामांच्या नमुना अटीपत्रकात ठेकेदाराची क्षमता एका सूत्राने मोजतात. गेल्या ५ वर्षांपैकी ज्या एका वर्षी सर्वाधिक काम केले त्याची रक्कम घ्यायची, तिला नव्या कामाच्या मुदतीच्या वर्षांनी गुणायचे, मग दीडने गुणायचे आणि हातातल्या अपुऱ्या कामांची रक्कम वजा करायची. समजा, एखाद्याने एका वर्षात जास्तीत जास्त ८० लाखांचे काम केले आहे, नवे काम सहा महिन्यांचे आहे आणि हातात ३५ लाखांचे काम बाकी आहे. ८० गुणिले अर्धा गुणिले दीड म्हणजे ६० लाख, त्यातून ३५ वजा जाता उरले २५. हा माणूस ३० लाखांच्या निविदेत बसत नाही, त्याचा दर कितीही चांगला असो. हिशेब पाच मिनिटांचा आहे, पण तो न करता अनामत भरून बसणारे पुष्कळ. जुन्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला, उलाढालीचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि ठेकेदार नोंदणीचा वर्ग हे तीन कागद वर्षभर ताजे ठेवावेत. अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी ठरावीक रकमेपर्यंतची कामे राखीव असतात. ती मर्यादा आधी ५० लाख होती, २०२३ मध्ये १ कोटी झाली. त्या वर्गातल्या तरुणांनी ही संधी सोडू नये.

सीमेचा प्रश्न इथे व्यवहाराच्या रूपात समोर येतो. निपाणीहून कोल्हापूर महामार्गाने चाळीसेक किलोमीटर, पण तिथल्या महापालिकेची निविदा महाराष्ट्राच्या ‘महाटेंडर्स’वर निघते आणि एका राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची नोंदणी दुसऱ्या राज्यात आपोआप चालेल असे धरता येत नाही. मालाचा पुरवठा सीमेपलीकडे करणे त्यामानाने सोपे, तिथे आंतरराज्य जीएसटी लागतो एवढेच. म्हणून पुरवठादाराने दोन्ही पोर्टलांवर नाव नोंदवावे. बांधकामवाल्याने आधी एका राज्यात वर्ग वाढवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. अटीपत्रक बहुधा इंग्रजीत असते, पण कार्यालयातली टिपणी आणि पत्रव्यवहार कन्नडमध्ये चालतो. मराठीतून कागद मिळावेत ही भाषिक अल्पसंख्याकांची मागणी न्याय्य आहे आणि ती सोडू नये. ती मान्य होईपर्यंत मात्र कन्नड नोटीस वाचू शकणारा माणूस आपल्या कचेरीत असलाच पाहिजे. खुलासा मागणारे पत्र तीन दिवस न वाचता पडून राहिले, तर निविदा हातची जाते.

दर भरताना कपातींचा विचार करावा. करार अडीच लाखांवर गेला की जीएसटीचे २ टक्के, एकट्या मालकाच्या बिलातून प्राप्तिकराचा १ टक्का, बांधकामावर कामगार उपकराचा १ टक्का आणि अटीपत्रकाप्रमाणे सुरक्षा ठेव. जुलै २०२२ पासून पालिकेच्या बहुतेक बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. बिल दिले की कर भरावा लागतो, पालिकेचे पैसे आलेले असोत वा नसोत. चार-सहा महिने थांबण्याइतके भांडवल नसेल तर काम छोटे घ्यावे, किंवा मोठ्या ठेकेदाराला माल पुरवावा. शहराच्या चोवीस तास पाणी योजनेसारख्या कामात मुख्य ठेका मोठ्या कंपनीकडे जातो, पण ओतकाम आणि सुट्या भागांची गरज स्थानिक फाउंड्री भागवू शकते.

निर्णय अन्यायाचा वाटला तर के.टी.पी.पी.च्या कलम १६ खाली ३० दिवसांत अपील करता येते. तुलनात्मक तक्ता मागून घ्यावा, तो माहितीच्या अधिकारातही मागता येतो. एक गोष्ट मात्र कुठल्याही अपिलाने सुधारत नाही: लेखी कार्यादेशाशिवाय केलेले काम. बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्यात सुमारे ४ कोटींची रस्त्यांची कामे तोंडी शब्दावर केली आणि बिल अडकले, असे सांगणारा एक ठेकेदार एप्रिल २०२२ मध्ये उडुपीत मृतावस्थेत सापडला. त्या प्रकरणातल्या आरोपांचे राजकारण राज्यभर गाजले आणि एका मंत्र्याला पद सोडावे लागले. पोलिसांनी पुढे त्या मंत्र्याला निर्दोष ठरवणारा अहवाल दिला. त्या ठेकेदाराच्या घरच्यांवर कोसळलेले दुःख आपल्या भागात पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. नेता कितीही जवळचा असो आणि जत्रा कितीही तोंडावर आलेली असो, कार्यादेश हाती येईपर्यंत काम सुरू करू नका.

बेळगावच्या चेंबर ऑफ कॉमर्सने आणि निपाणीतल्या व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन निविदा वाचून दाखवणारे, क्षमतेचा हिशेब करून देणारे आणि कन्नड पत्रे समजावून सांगणारे एक साधे केंद्र सुरू करावे. एक जाणता माणूस, एक संगणक आणि आठवड्यातले दोन दिवस एवढ्यावर ते चालेल. पुढच्या अर्थसंकल्पाआधी ते उभे राहावे, अशी त्यांना विनंती आहे.