तांब्यावरचा हिरवा गंज

तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशा येथे १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी पांढरीचे टेकाड खणले. ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर निघाले आणि फुटक्या खापरांवरून त्या माणसांच्या संसाराचा अंदाज बांधता आला. आमच्या कोकणी मच्छीमारांचा कालपरवाचा इतिहास मात्र कुणी असा जपलेला नाही. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये दालद्यांची नोंद आहे, मासेमार आणि खलाशी म्हणून. पुढे होडीवर इंजिन आले, वायरलेस आला, फिशफाइंडर आला, जीपीएस आले. ही यंत्रे भर दर्यात बंद पडली तेव्हा ती कोणाच्या हातांनी चालू झाली?

खारी हवा यंत्राची वैरीण. सेट बंद पडला की जाणता खलाशी आधी सेट उघडत नाही. बॅटरीची टोके पाहतो, मग फ्यूज, मग वायरचे जोड. तांब्यावर हिरवा गंज चढला असेल तर चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापायची, सोल्डर करायचे, वर ग्रीस आणि टेप. नुसती पिळलेली वायर चार दिवसांची सोबतीण. फिशफाइंडर आंधळा झाला तर दोष पुष्कळदा पडद्यात नसतो. होडीच्या तळाशी ट्रान्सड्यूसरवर कालवे चिकटलेली असतात आणि पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावणारा आवाज त्या थरातच अडतो. समुद्रात बुडालेला सेट बॅटरीपासून सोडवून गोड्या पाण्याने धुवायचा, हे ऐकून शिकलेली माणसे हसतात. पण पाणी वाळते, मीठ आत राहते. पुरता सुकल्याशिवाय मात्र वीज द्यायची नाही.

हा हौसेचा मामला नव्हे. वायरलेस मुका झाला तर वादळाचा इशारा होडीपर्यंत पोहोचत नाही. जुने तांडेल डोंगरांच्या खुणा जुळवून खडक टाळीत. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि तेच खडक पडद्यावर नेमके दिसू लागले. खुणा जुळवणारी नजर त्याबरोबर मागे पडत गेली. म्हणून पडदा काळा पडणे आज अधिक महाग.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. फक्त त्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण बंदरावरच्या पोरांना कोण देणार, तेही ठरावे. जुन्या वायरलेसची खोकी, कुणी कुठे जोड दिला त्याच्या खुणांसकट, भंगारात किलोच्या भावाने जातात.