ठाणे परिसरातील स्मार्ट मीटरविरोध

स्मार्ट मीटर हा घरगुती वीजवापराची अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून कमी अंतराने नोंद घेऊन ती दूरसंचार जाळ्यातून वीज कंपनीकडे पाठवणारा इलेक्ट्रॉनिक मीटर होय. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे महावितरणने हे मीटर बसवण्याचे ठरवल्यापासून ग्राहकांच्या मनात त्यांविषयी अविश्वास दिसून आला आहे. यांपैकी ठाणे शहर महावितरणच्या भांडुप परिमंडलात, तर कल्याण व डोंबिवली कल्याण परिमंडलात मोडतात.

पूर्वपीठिका
मीटरविषयीची शंका या भागाला नवी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांनी नवे मीटर इलेक्ट्रॉनिकच असावेत असे बंधन घातले आणि फिरत्या चकतीचे जुने मीटर हळूहळू निघाले. तेव्हाही ‘नवा मीटर पळतो’ ही तक्रार सर्वत्र होती. तिच्यात काही अंशी तथ्य होते, मात्र दोष नव्या मीटरचाच होता असे नाही. घर्षणामुळे आणि झिजेमुळे जुनी चकती झिरोच्या दिव्यासारखा किरकोळ भार पुरता नोंदवत नसे. नवा मीटर तो नोंदवू लागला. वापर तोच राहूनही बिल वाढले, आणि बिलातील फरक ग्राहकाला दिसत असला तरी त्याचे कारण त्याला दिसत नव्हते.

प्रीपेड योजना आणि विरोध
केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरण सुधारणेची योजना मंजूर केली. तीत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. भांडुप, कल्याण, कोकण, बारामती आणि पुणे ही परिमंडले अदानी समूहाकडे गेली. सुमारे १ कोटी १६ लाख मीटरांचे हे काम १३,८८८ कोटी रुपयांचे होते. भागाकार केल्यास एका मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये येतात. त्यात पुढील देखभालही धरलेली आहे. केंद्राचे अनुदान मात्र मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. मीटर ग्राहकाला विनामूल्य मिळेल, असे महावितरणने सांगितले. उरलेली रक्कम शेवटी वीजदरातूनच वसूल होणार, हा महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांच्यासह अनेकांचा आक्षेप होता.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेड मीटरमध्ये शिल्लक संपताच पुरवठा दूरस्थपणे खंडित होऊ शकतो. महिनाअखेरीस ओढाताण होणाऱ्या चाळीतील कुटुंबाला हा फरक मीटरच्या अचूकतेपेक्षा मोठा वाटणे स्वाभाविक होते. याच अधिनियमाच्या कलम ४७(५) मध्ये प्रीपेड मीटरमधून वीज घेण्यास तयार असलेल्या ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, अशी तरतूद आहे. ‘तयार असलेल्या’ या शब्दांवरून, प्रीपेड ही ग्राहकाची निवड आहे, सक्ती नव्हे, असा युक्तिवाद विरोधकांनी केला.

जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले.

टीओडी मीटर
त्यानंतर स्मार्ट मीटर पोस्टपेड स्वरूपात, बहुधा ‘टीओडी मीटर’ या नावाने बसवले जाऊ लागले. नाव बदलून तीच योजना पुढे रेटली जात असल्याची टीका झाली. ती अर्धीच खरी आहे: यंत्र स्मार्ट मीटरच होते, पण आगाऊ पैसे भरण्याची अट गेली होती. वेळेनुसार वेगळा दर आकारण्यासाठी वेळेची नोंद ठेवणारा मीटर लागतो. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. सकाळीच लोकल गाठणाऱ्या डोंबिवलीकर कुटुंबाचे घर नेमके याच वेळेत बंद असते, त्यामुळे या सवलतीचे आकर्षण येथे मर्यादितच राहणार हे उघड आहे.

फ्रँचायझी क्षेत्रे
भिवंडीत २००७ पासून आणि शीळ-मुंब्रा-कळवा भागात २०२० पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वीज वितरण करते.

तक्रार आणि पडताळणी
केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास वीज कंपनीने पाच दिवसांत अतिरिक्त मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींच्या नोंदी ताडून पाहायच्या असतात. त्यानेही समाधान न झाल्यास ग्राहकाला तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते.